मदत हवी आहे : भाचीसाठी ऐंशीच्या दशकातले फँटसी सिनेमे

मंडळी, माझी नऊ वर्षांची भाची जिम हेन्सनचा १९८६चा बाहुल्यांचा सिनेमा 'लॅबिरिंथ' बघून पार वेडी झालीये. त्यात काम केलेल्या गायक डेव्हिड बोवीचं तिला काही नाही, तो केसाळ राक्षस-बाहुला लुडो मात्र जाम आवडला! आता तसेच बाहुल्यांचे सिनेमे हवेत, कॉम्प्युटरवाले नकोत. जिम हेन्सनचाच 'द डार्क क्रिस्टल' (१९८२) आहे, पण त्यातले गिधाडतोंडे स्केक्सिस बघून पोर रात्री झोपेल का? 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'त (१९८४) घोडा दलदलीत रुततो तिथे तर मीच रडते. 'विलो' आणि 'द प्रिन्सेस ब्राइड' यादीत आहेत, पण त्यांत बाहुल्या कमीच. त्याच दशकातलं, फार न घाबरवणारं आणखी काही सुचवाल का? हिंदी डबिंग असेल तर उत्तम, सबटायटल्स वाचायचा तिला भारी कंटाळा.