‘आर्केड’, ‘सिम’ आणि गाडीचे गेम : मराठीत काय लिहावे?

डिचोलीकर

आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी गाडी चालवण्याच्या कॉम्प्युटर गेमवर लेख लिहायला घेतला आहे. या गेमचे ढोबळ दोन वर्ग पडतात. एकात गाडी खऱ्या गाडीसारखी वागते. ब्रेक उशिरा दाबलात तर चाके जाम होतात आणि स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ जाऊन भिंतीला लागते. दुसऱ्यात पूर्ण वेगाने वळणात घुसा, गाडी ठुमकत बाहेर येते आणि वर गुण मिळतात. खेळणारी मुले पहिल्याला ‘सिम’ (सिम्युलेटरचे छोटे रूप) म्हणतात, दुसऱ्याला ‘आर्केड’.

मराठीत ‘वास्तववादी’ आणि ‘काल्पनिक’ लिही, असे एकाने सुचवले. मला दोन्ही खटकतात. ‘वास्तववादी’ म्हटले की ग्रामीण कादंबरी डोळ्यांपुढे येते. आणि मूळ शब्द ठेवावेत तर ‘सिम’ म्हणजे मोबाईलचे कार्ड, ‘आर्केड’ म्हणजे खाली झेरॉक्सचे दुकान आणि वर डेंटिस्ट असलेली बिल्डिंग. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

फोंड्याची वाचक

बिल्डिंग हाच अर्थ गेमपेक्षा जुना आहे. मुळाशी लॅटिनमधला ‘आर्कुस’, म्हणजे धनुष्य, कमान. त्यावरून कमानींची ओळ. पोर्तुगीजमध्ये ‘आर्कादा’. जुन्या गोव्यातल्या मठांच्या आतल्या चौकाभोवती जी कमानींची ओसरी असते, ती हीच. पुढे युरोपात अशा ओसऱ्यांत दुकाने बसली, दुकानांच्या शेजारी नाणे टाकून चालणारी करमणुकीची यंत्रे आली, यंत्रांत व्हिडिओ गेम आले. जागेचे नाव यंत्राला लागले आणि यंत्राचे नाव खेळण्याच्या धाटणीला. आता मुलगा घरी खाटेवर बसून फोनवर खेळतो, जवळपास कमानही नसते आणि नाणेही, तरी गेम ‘आर्केड’च.

तेव्हा ‘काल्पनिक’ बाद. त्या शब्दात कल्पनेचा काही संबंधच नाही.

मांडवीकाठ

कमान राहू द्या, नाण्यावर थांबा. या धाटणीचा जन्म नाण्यातून आहे.

व्हिडिओ गेम पार्लरच्या मालकाचे गणित असे की एक पोरगा तासभर एकाच नाण्यावर खेळत बसला तर धंदा बसला. आणि पहिल्या दहा सेकंदांत पोरग्याला मजा आली नाही, तर तो दुसरे नाणे काढणार नाही. या दोन टोकांतून गेमची घडण ठरली. गाडी कुणालाही चालवता आली पाहिजे, पण घड्याळ कुणाला सोडणार नाही. नामको या जपानी कंपनीच्या १९८२ च्या ‘पोल पोझिशन’मध्ये आधी एक पात्रता फेरी ठरलेल्या वेळात पुरी करावी लागायची, तेव्हा कुठे शर्यतीत प्रवेश. सेगाचा ‘आउटरन’ आला १९८६ मध्ये, यू सुझुकी यांनी घडवलेला. त्यात गिअर दोनच, वरचा आणि खालचा. आपटलात तर गाडी कोलांट्या खाते, आतली दोघे बाहेर फेकली जातात आणि क्षणात सगळे पुन्हा रस्त्यावर, केसही न विस्कटता. पण पुढचा चेकपॉइंट वेळेत गाठला नाही की खेळ संपला.

‘आर्केड म्हणजे सोपा’ असे लिहू नका, एवढेच सांगायचे होते. गाडीच्या बाबतीत तो दिलदार, वेळेच्या बाबतीत सावकार.

पिवळा मडगार्ड

मी पंचवीसेक वर्षे पायलट होतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पायलट म्हणजे विमानवाला नव्हे, मोटारसायकलवर गिराईक नेणारा. त्या मोटारसायकलचा मडगार्ड पिवळा असतो, नाव त्यावरूनच घेतले आहे.

भाच्याने तो ‘खराखुरा’ गेम दाखवला. चकचकीत रस्ता, एक खड्डा नाही. समोरून भाड्याच्या स्कूटरवर उलट्या बाजूने येणारा पर्यटक नाही, रस्त्यात बसलेली गाय नाही, पहिल्या पावसात डांबरावर उतरलेला तांबडा चिखल नाही. चोर्ला घाटात धुक्यात समोरचा ट्रक फक्त हॉर्नवरून कळतो, तेही नाही. मग वास्तव कसले? त्यापेक्षा तोच भाचा फोनवर तो इंडोनेशियाचा बसचा गेम खेळतो. बस रंगवून तिची ‘कदंब’, म्हणजे आमची गोव्याची सरकारी बस, केली आहे. बस वळते खेळण्यासारखी, पण स्टॉपवर थांबायचे, सांभाळून ओव्हरटेक करायचा, मागच्याचा हॉर्न ऐकायचा. मला तो जास्त खरा वाटला.

‘वास्तववादी’ शब्द खोडा, डिचोलीकरबाब.

डिचोलीकर

खोडला! पण बाब, तुम्ही तर प्रश्नच उलटा केलात. जो गेम सगळे ‘सिम’ म्हणून ओळखतात तो तुम्हाला खोटा वाटतो आणि खेळण्यासारखी बस खरी. मग ‘खरा’ ठरवायचा कशावरून?

तिसरा गिअर

टायरवरून. सिमवाले ज्याला वास्तव म्हणतात ते बहुतेक चार टायर जमिनीला टेकतात तेवढ्या जागेपुरते असते. प्रत्येक टायरमागे तळहाताएवढी जागा.

जरा विस्ताराने सांगतो, कारण लेखात हे आले पाहिजे. स्टिअरिंग वळवले की टायर ज्या दिशेला तोंड करतो आणि प्रत्यक्ष ज्या दिशेला जातो, त्यांत थोडा कोन पडतो. कोन वाढेल तशी बाजूची पकड वाढते, पण एका मर्यादेपर्यंत. साध्या रस्त्यावरच्या टायरला ती मर्यादा काही अंशांचीच. त्यापलीकडे गेलात की पकड वाढायची सोडून घटू लागते. खऱ्या गाडीत मागचे चाक ‘सुटते’ ते इथे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पासेका यांनी हा चढ-उतार एका सूत्रात बसवला, आणि गाड्यांच्या कंपन्यांपासून गेमवाल्यांपर्यंत सगळ्यांनी ते वापरले. आर्केड गेम काय करतो? त्या आलेखाचा उतार कापून टाकतो. घसरलात तरी पकड तशीच. त्यामुळे घसरणीतून परत यायला काही कसबच लागत नाही.

याचे दुसरे टोक म्हणजे १९९८ चा ‘ग्रांप्री लेजंड्स’. त्यात १९६७ च्या हंगामातल्या फॉर्म्युला वन गाड्या आहेत. ताकद भरपूर, टायर अरुंद आणि जमिनीला दाबून धरणारे पंख अजून आलेले नाहीत. अनेकांची पहिली फेरी पहिल्या वळणावरच संपायची. तरी लोक त्यावर वर्षानुवर्षे जीव टाकत राहिले. म्हणून आर्केडला कुणी ‘मजेचे गेम’ म्हणणार असेल तर आधीच हरकत नोंदवतो. सिमवाल्यालाही मजाच हवी असते.

आता पायलटबाबांच्या मुद्द्याकडे. १९९७ च्या ‘ग्रान तुरिस्मो’ने स्वतःला ‘खरा ड्रायव्हिंग सिम्युलेटर’ म्हणवून घेतले. गाडीचे वजन ब्रेक मारताच पुढच्या चाकांवर येते, वेग घेताना मागे जाते, हे त्यात नीट कळायचे. पण भिंतीवर कितीही आदळा, पत्र्याला पोचाही पडायचा नाही. उलट ‘बीमएनजी ड्राइव्ह’मध्ये गाडीचा सांगाडा बिंदू आणि दांड्यांच्या जाळ्यासारखा मांडलेला आहे, त्यामुळे पत्रा, चेसिस, अॅक्सल सगळे खरोखर वाकते. एक टायरच्या बाबतीत खरा, दुसरा अपघाताच्या बाबतीत, आणि बसचा गेम रहदारीच्या बाबतीत. ‘कशाच्या बाबतीत’ हे न सांगता ‘वास्तववादी’ लिहिलेत तर वाचकाच्या हाती काही लागत नाही.

पिवळा मडगार्ड

हे पटले. पण खरी गाडी चालवणे एवढे कठीण नसते. मुलाला तुमच्या सिमवर बसवले तर दोन मिनिटांत भिंतीवर, आणि तोच मुलगा बापाची गाडी फोंड्यापर्यंत सुरळीत नेतो. हे कसे?

तिसरा गिअर

कारण खऱ्या गाडीत तुम्ही बुडाने चालवता. सीट सांगते, पोट सांगते, मान सांगते की मागचे चाक सुटायला आले आहे. पडद्यापुढे बसलेल्याला हे काहीच मिळत नाही. मग टायरचा चीत्कार मुद्दाम लवकर आणि मोठा करतात, स्टिअरिंगच्या चाकात मोटर बसवून पुढच्या टायरचा ताण हाताला देतात. कीबोर्डवर तर बाणाचे बटण एकतर दाबलेले असते किंवा नसते. ते जसेच्या तसे मानले तर गाडी प्रत्येक वळणाला पूर्ण स्टिअरिंग मारेल. म्हणून कडवे सिमसुद्धा कीबोर्डवाल्यासाठी चाक हळूहळू वळवून देतात. वास्तव पडद्यावर आणायचे तर थोडे खोटे आतूनच घालावे लागते.

तरी त्यातून जे शिकायचे ते शिकता येते. निस्सान आणि सोनीने २००८ मध्ये ‘ग्रान तुरिस्मो’ खेळणाऱ्यांची स्पर्धा घेतली. ती जिंकलेला स्पेनचा लुकास ओर्दोन्येस पुढे फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत खरी गाडी चालवून आला.

मांडवीकाठ

एक भर. हल्ली एकच गेम दोन्ही असतो. मदती चालू ठेवल्या, म्हणजे चाके जाम होऊ न देणारा ब्रेक, रस्त्यावर आखलेली रंगीत रेघ, चुकलात तर काळ मागे नेण्याची सोय, की तो आर्केड. सगळ्या बंद केल्या की बराचसा सिम. काळ मागे नेणे ‘रेस ड्रायव्हर ग्रिड’मध्ये २००८ ला आले आणि नंतर बऱ्याच गेममध्ये पसरले. म्हणजे हे विशेषण गेमचे नव्हे, सेटिंगचे.

फोंड्याची वाचक

मधल्या गेमना खेळणारे ‘सिमकेड’ म्हणतात, असे माझ्या विद्यार्थ्यांकडून कळले. त्याला मराठीत शब्द आहे : अधमुरा. दही विरजायला लावले आहे, दूध राहिले नाही आणि दही झालेले नाही. ‘फोर्झा होरायझन’ हा अधमुरा गेम, असे लिहिले तर कुणालाही कळेल.

सिमसाठी ‘अनुकारी’, ‘प्रतिरूपी’ वगैरे कोशातून काढता येतील, पण ते जिभेवर बसणार नाहीत. ‘हुबेहूब’ही नको, त्यात फक्त दिसणे येते आणि आजचा कुठलाही आर्केड गेम हुबेहूब दिसतो. माझे मत, ‘सिम’ आणि ‘आर्केड’ ठेवा, पहिल्यांदा आले की एका वाक्यात समजावा आणि पुढे चला. सिम पुल्लिंगी चालवा, म्हणजे कार्डाशी घोटाळा होणार नाही. कार्ड ‘ते सिम’, गेम ‘तो सिम’.

डिचोलीकर

‘अधमुरा’ घेतला. आता शेवटचा अडथळा. ‘ड्रिफ्ट’ला ‘घसरणे’ लिहिले आहे. ‘गाडी घसरते आणि वेग वाढतो’, असे वाक्य झाले आहे.

पिवळा मडगार्ड

नको, नको. गाडी घसरते म्हणजे पडलात. पावसात रायबंदरच्या फेरीधक्क्यावर गाडी घसरते. त्यात चालवणाऱ्याचे काही चालत नाही.

फोंड्याची वाचक

पायलटबाबांनी व्याकरणच सांगितले. ‘घसरणे’ आपोआप होते. मुद्दाम केले तर ‘घसरवणे’. पडणे-पाडणे, बसणे-बसवणे, तसेच. इंग्रजीला ड्रिफ्ट आणि स्किड असे दोन वेगळे शब्द लागतात, आपल्याला एक ‘व’ पुरतो. ‘गाडी घसरली’ म्हटले की टायरने केले, ‘गाडी घसरवली’ म्हटले की तुम्ही केले.

तिसरा गिअर

वा. आणि यात तुमचे दोन वर्गही थोडे उलगडतात. नामकोच्या १९९३ च्या ‘रिज रेसर’मध्ये अॅक्सिलरेटर सोडून वळलात की गाडी घसरवली जाते, बाकी सगळे गेमच सांभाळतो. ‘मारिओ कार्ट ६४’ मध्ये तर घसरवण्याचे बक्षीस म्हणून पुढे धक्का मिळतो. खऱ्या टायरला डांबरावर घसरताना वेग गमवावाच लागतो, तिथे तो कमावता येतो. सिममध्ये गाडी आधी घसरते. ती घसरवण्यापर्यंत जायला उलटे स्टिअरिंग नेमके किती आणि अॅक्सिलरेटर नेमका किती, हे हाताला यावे लागते.

तेव्हा तुमच्या वाक्यात ‘घसरवली की वेग वाढतो’ करा, आणि कोणत्या गेमबद्दल बोलता आहात ते लिहा. सिमबद्दल ते वाक्य चुकीचे ठरेल.

डिचोलीकर

केले. परिच्छेद आता असा आहे : ‘आर्केड गेममध्ये गाडी घसरवली की बऱ्याचदा बक्षीस मिळते. सिममध्ये ती घसरते आणि वेळ जातो. मधले अधमुरे गेम मदती चालू आहेत की बंद, त्यावर कुणीकडे झुकायचे ते ठरवतात. कोणताही गेम खरा म्हणण्याआधी तो टायरच्या बाबतीत खरा, अपघाताच्या बाबतीत की रहदारीच्या, हे पाहावे.’

मांडवीकाठ

‘कुणीकडे’ नव्हे, ‘कोणीकडे’. बाकी छापा.

फोंड्याची वाचक

‘कुणीकडे’ही चालते हो, हस्तलिखित आहे. आणि छापा कसले, लिहा!