एसीसीचे अवॉर्ड्स: फ्लॅगचं ठरलंय, भांडण कोचवरून आहे

दमलेला_डरहमकर (रविवार, ९ मार्च २०२५)

पहाटे पाचला उठून चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल बघितली, त्यात नेमकं आजच घड्याळ एक तास पुढे ढकललं, त्यामुळे डोकं जड आहे, काही वाकडं लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

काल एसीसीचा (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची लीग) रेग्युलर सीझन संपला. लीगमधल्या जिंकलेल्या-हरलेल्या मॅचेस: ड्यूक १९-१, लुईव्हिल १८-२, क्लेमसन १८-२. आता कोच आणि पत्रकारांची मतं मोजून एकदोन दिवसात अवॉर्ड्स येतील, मंगळवारपासून शार्लटला टूर्नामेंट. माझे अंदाज असे:

प्लेअर ऑफ द इयर ड्यूकचा कूपर फ्लॅग, यावर चर्चा करायची म्हणजे सूर्य कुठून उगवतो यावर परिसंवाद ठेवण्यासारखं आहे. रुकी (पहिल्या वर्षाच्या पोरांत सर्वोत्तम) पण तोच. डिफेन्सिव्ह प्लेअर लुईव्हिलचा चकी हेपबर्न. आणि कोच ऑफ द इयर लुईव्हिलचा पॅट केल्सी.

पण हे जे शेवटचं आहे ना, ते होणार हे मला दिसतंय पण पटत नाही. ड्यूकच्या कोच शायरने २० पैकी १९ जिंकल्या आणि त्याचं नाव कोणी घेत नाही, का तर म्हणे त्याच्याकडे फ्लॅग आहे. माझं म्हणणं सरळ आहे, कोच ऑफ द इयर हे चांगल्या कोचचं बक्षीस नाहीच, ऑक्टोबरमध्ये पत्रकारांचं भाकीत ज्याने सगळ्यात जास्त खोटं पाडलं त्याला ते मिळतं. म्हणजे चूक यांची आणि ट्रॉफी त्याला. शायरच्या आधी ‘कोच के’ ड्यूकमध्ये ४२ वर्षं कोच होते, पाच नॅशनल टायटल्स, १९९१, ९२, २००१, १०, १५. यातल्या एकाही वर्षी ते एसीसीचे कोच ऑफ द इयर नव्हते! पाच वेळा मिळाला तो वेगळ्याच वर्षांत, आणि २००० नंतर तर एकदाही नाही. २०२२ला त्यांचा शेवटचा सीझन, ड्यूक लीगमध्ये पहिली, आणि अवॉर्ड गेला वेक फॉरेस्टच्या स्टीव्ह फोर्ब्जला.

बोला आता.

लुईव्हिलवाला_विदर्भी

अहो दादा, तुम्ही ड्यूकवाले म्हणजे पोट भरलेल्याने उपाशी माणसाच्या ताटात बघायचं असं झालं. मी इथं नोकरीला आलो तेव्हापासून काय बघितलं सांगतो, आधीच्या दोन सीझनमध्ये ४-२८ आणि ८-२४. बेरीज करा, १२ जिंकल्या ५२ हरल्या. एवढं मोठं यम सेंटर हे आमचं स्टेडियम, तिकडं अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, तिकीट फुकट देत होते तरी ऑफिसात कोणी घेईना. २०१३चं नॅशनल टायटल होतं तेही काढून घेतलेलं. त्या गावात केल्सी चार्ल्सटन कॉलेजहून आला, जवळजवळ अख्खी टीम नवीन, हेपबर्न विस्कॉन्सिनचा, एडवर्ड्स जेम्स मॅडिसनचा, रीन स्मिथला सोबत घेऊनच आला. त्यात सुरुवातीलाच प्रायर आणि कोरेन जॉन्सन दोघं जखमी होऊन बाहेर. एवढं होऊन १८-२. लीगबाहेरच्या मॅचेस धरून ८-२४ वरून २५-६!! याला कोचिंग नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं.

पुणेरी_पॉइंटगार्ड

मी पुण्यातून बघतो, म्हणजे इथं सकाळी चहाबरोबर ड्यूकची मॅच, त्यामुळे मला कुठल्याच कॉलेजचं देणंघेणं नाही. दोघांनाही विरोध करतो.

यंदा एसीसीत १८ टीम झाल्या. स्टॅनफर्ड आणि कॅल अटलांटिक किनाऱ्यावर कधी आले ते भूगोलाच्या सरांना विचारा. प्रत्येकाला १७ प्रतिस्पर्धी आणि मॅचेस २०, म्हणजे फक्त तिघांशी दोनदा खेळायचं. लुईव्हिलची ड्यूकशी एकच मॅच, ती डिसेंबरात आपल्याच घरी हरले. लीगबाहेर टेनेसी, ओल मिस, केंटकी, जरा दमदार कोणी आलं की हरले. मग हे १८-२ किती खरं? आधी लीग किती कच्ची आहे ते बोला, मग कोच.

माझं मत क्लेमसनचा कोच ब्राउनेलला. सगळ्या लीगमध्ये ड्यूकला हरवणारा एकच माणूस, ८ फेब्रुवारी, ७७-७१. केंटकीलाही हरवलंय. आणि तो २०१० पासून तिथंच गुपचूप काम करतोय, त्या गावाला फुटबॉलशिवाय काही दिसत नाही तरी.

लुईव्हिलवाला_विदर्भी

ब्राउनेलला आम्ही ७ जानेवारीला १० पॉइंटनी हरवलंय, ते सोयीस्कर विसरलात. चहा थंड झाला वाटतं 😄

पुणेरी_पॉइंटगार्ड

आणि तुम्ही जॉर्जिया टेककडून हरलात ते?

लुईव्हिलवाला_विदर्भी

तीनच दिवसांनी क्लेमसन पण त्यांच्याकडूनच हरली, ते पण घरी, तीन ओव्हरटाइम खेळून. मग द्या त्यांच्या कोच स्टॉडामायरला अवॉर्ड, विषय संपवा.

चॅपलहिलची_सून

मी नॉर्थ कॅरोलायनाची आहे त्यामुळे काल रात्रीपासून बोलण्याच्या मूडमध्ये नाहीये (ड्यूककडून ८२-६९ हरलो, तेही आमच्या घरात), पण ड्यूकच्या रडगाण्यावर गप्प बसवत नाही. दादा, तुमची थिअरी ऐकायला छान आहे, पण व्हर्जिनियाच्या कोच टोनी बेनेटचं काय करायचं? त्याला चार वेळा मिळाला, २०१४, १५, १८, १९, आणि चारही वेळा व्हर्जिनिया पहिली होती किंवा पहिल्या नंबरात वाटेकरी होती. मागच्या वर्षी आमच्या कोच ह्युबर्ट डेव्हिसला मिळाला, १७-३, लीगमध्ये पहिले. मग पहिल्या आलेल्याला देत नाहीत हे कुठून आणलं? फक्त ड्यूकला देत नाहीत असं म्हणा, आणि त्यावर मला काही वाईट वाटत नाही.

आणि भाकितांचं म्हणाल तर सीझनआधी प्लेअर ऑफ द इयर म्हणून आमच्या आर. जे. डेव्हिसला निवडलं होतं. मग आता तो अपेक्षेपेक्षा खाली आला म्हणून त्याला शिक्षा आणि फ्लॅगला बक्षीस असं म्हणणार का? नाही ना, तिथे सरळ जो चांगला खेळला त्याला देताय.

दमलेला_डरहमकर

वहिनी, उलट तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. खेळाडूला देताना बघतात की काय केलं. कोचला देताना बघतात की आम्हाला काय वाटलं होतं. दोन वेगळ्या फूटपट्ट्या. फ्लॅग ड्यूकमध्ये पॉइंट, रिबाऊंड, असिस्ट, स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं) पाचही गोष्टीत पहिला आहे, वय १८, डिसेंबरात वाढदिवस झाला, ११ जानेवारीला नोत्रदामला ४२ मारले, एसीसीत फ्रेशमनने (पहिल्या वर्षाच्या पोराने) कधी एवढे केले नव्हते. तो शाळेतून कॉलेजात येतानाच देशातला नंबर एक रिक्रूट होता, तरी कोणी म्हणत नाही की अहो हे तर अपेक्षितच होतं, दुसऱ्याला द्या. मग शायरला का म्हणता?

ह्युबर्टचं पण बघा, २०२३ला तुमची टीम देशात नंबर एक म्हणून सुरू झाली आणि एनसीएए टूर्नामेंटलाच (देशपातळीवरची स्पर्धा) गेली नाही, म्हणून पुढच्या वर्षी १७-३ मोठं वाटलं. अपेक्षाच ती. बेनेटचा मुद्दा मात्र चांगला आहे, त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे, की व्हर्जिनियाकडे कधी ड्यूकसारखी रिक्रूट्सची रांग नव्हती त्यामुळे दरवर्षी लोकांना आश्चर्य वाटत राहिलं. चौथ्या वेळी पण आश्चर्य कसं वाटलं ते मला विचारू नका.

आणि टीम नवीन म्हणाल तर शायरची पण नवीनच आहे. सुरुवातीच्या पाचात तीन फ्रेशमन, फ्लॅग, कनूपल आणि मलुआच, चौथा सायन जेम्स टुलेनहून आलेला, जुना एकटा प्रॉक्टर. १८-१९ वर्षांची पोरं घेऊन १९-१ करणं काय सोपं आहे का, ज्यांच्या घरी या वयाचं पोर आहे त्यांनी सांगावं.

लाल_लांडगा_रॉली

तुमचं पोटभर चाललंय, चालू द्या. आमच्या एनसी स्टेटने आजच कोच कीट्सला नारळ दिला. मागच्या मार्चमध्ये पाच दिवसांत पाच मॅच जिंकून एसीसी चॅम्पियन, मग देशपातळीवर फायनल फोर (शेवटचे चार), रॉलीत लोक रस्त्यावर नाचत होते, मी ऑफिसात घालायचा लाल शर्ट धुवायला पण टाकला नाही आठवडाभर. आणि यंदा ५-१५, १८ पैकी १५ टीम शार्लटला जाणार त्यातही आम्ही नाही. चॅम्पियनच घरी! ११ महिने लागले देवापासून दगड व्हायला. त्यामुळे कोच ऑफ द इयर कोणाला मिळतो याला मी काडीची किंमत देत नाही, ते अवॉर्ड शेल्फवर ठेवून पुढच्या वर्षी हाकलतातच.

तरी पैज लावतो, यावेळी शायरला देतील. १९-१ला नाही म्हणणं जमणार नाही कोणाला. हरलो तर मिसळ माझ्याकडून.

नवी_पण_उत्साही

एक बेसिक प्रश्न, हसू नका. फ्लॅग जर स्टील आणि ब्लॉक दोन्हीत आपल्या टीममध्ये पहिला आहे तर डिफेन्सिव्ह अवॉर्ड पण त्यालाच का नाही?

पुणेरी_पॉइंटगार्ड

हसायचं काय, सगळ्या धाग्यातला हाच कामाचा प्रश्न आहे. प्लेअर ऑफ द इयर आणि डिफेन्सिव्ह दोन्ही एकत्र मिळू शकतात, व्हर्जिनियाच्या ब्रॉगडनला २०१६ला मिळाले, ड्यूकच्या ट्रे जोन्सला २०२०ला. पण मतदारांना एकाच पानावर सगळं वाढायला आवडत नाही. २०१९ला ड्यूकचा झायन प्लेअर आणि रुकी दोन्ही होता, डिफेन्सचा गेला व्हर्जिनियाच्या हंटरला. शिवाय फ्लॅगच्या मागे सात फूट दोन इंचाचा मलुआच उभा असतो, चुकलं तरी मागे भिंत आहे. हेपबर्न सहा फूट दोन इंची गार्ड, समोरच्याचा बॉल पहिल्या पावलापासून खातो, मॅचला दोनहून जास्त स्टील. मीही हेपबर्नलाच देईन.

बाकी खेळाडूला चांगला खेळ, कोचला आश्चर्य, हे डरहमकरांचं वाक्य अर्धं खरं आहे हे नाइलाजाने मान्य करतो. आज सकाळचंच बघा ना, म्हणजे तुमची सकाळ, कप भारताने नेला आणि प्लेअर ऑफ द टूर्नामेंट हरलेल्या टीमचा रचिन रवींद्र. खेळाडूचं काम मोजता येतं, २६३ रन दिसतात. कोचने काय केलं हे मोजायला फूटपट्टीच नाही, मग लोक जुन्या अंदाजालाच फूटपट्टी करतात. त्यात लबाडी नाही, दुसरं काही हाताशी नाही.

चॅपलहिलची_सून

आहे की. मॅचच्या शेवटच्या चार मिनिटांत टाइमआऊट नंतर टीम काय करते ते बघा. पण त्यासाठी १८ टीमच्या मॅचेस बघाव्या लागतील, आणि मतदान करणारे कोच स्वतःच्या मॅचची टेप बघून थकलेले असतात. त्यांनी लुईव्हिलला बघितलं एकदा, तेव्हा मार खाल्ला, लक्षात राहिलं, मत दिलं. संपलं.

लुईव्हिलवाला_विदर्भी

ज्याने मार खाल्ला त्याचं मत सगळ्यात खरं असतं वहिनी 🙏

दमलेला_डरहमकर

निकाल आला. फ्लॅग दोन्ही, हेपबर्न डिफेन्स, केल्सी कोच. चारही अंदाज बरोबर, आणि तरी मी चिडलोय.

लाल_लांडगा_रॉली

बरं, मिसळ. शनिवारी तुमची फायनल असेल, त्यामुळे रविवारी या. फरसाण पुण्याहून आलेलं आहे, पाव इथलाच, त्याबद्दल आधीच माफी. आणि निळा शर्ट घालून कोणी आलं तर तर्री वाढणार नाही.

चॅपलहिलची_सून

कुठला निळा? आमचा की ड्यूकचा?

लाल_लांडगा_रॉली

दोन्ही.