सिफिलिसची टीपीएचए तपासणी बहुतेकदा पॉझिटिव्ह राहतेच, घाबरू नका

एकांनी विचारलंय, सिफिलिसचं (लैंगिक संबंधातून पसरणारा आजार) इंजेक्शन घेऊन सहा महिने झाले, तरी टीपीएचए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह. म्हणजे उपचार फसले का? नाही हो! ही तपासणी बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. तिच्यावरून बरं झाल्याचं कळत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका.

बघायचा तो व्हीडीआरएल किंवा आरपीआर या सिफिलिसच्या दुसऱ्या रक्ततपासण्यांचा टायटर, म्हणजे रक्ताचा नमुना किती पट पातळ केला तरी तपासणी पॉझिटिव्ह येते तो आकडा. उपचाराच्या वेळी १:३२ होता आणि आता १:८ किंवा त्याखाली आलाय, तर चौपट घट झाली, औषध लागू पडलं. मात्र दर वेळी तीच तपासणी, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. व्हीडीआरएल आणि आरपीआरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. सहाव्या आणि बाराव्या महिन्याची तपासणी चुकवू नका, आणि एचआयव्हीची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. टायटर उलट चौपट वाढला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि जोडीदाराचं काय? त्यांची तपासणी आणि उपचार झाले नसतील, तर पुन्हा लागण होऊ शकते. हे सांगणं किती अवघड असतं, कळतं मला. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) दोघांनी मिळून जा; तिथे समुपदेशकही असतात.