बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर बानाखत (साठेखत) आणि पॉवरवर (मुखत्यारपत्रावर) घ्यावं का?

प्रश्न
घरवेरा (घरपट्टी) आणि लाइट बिल विकणाऱ्याच्या नावे, प्रॉपर्टी कार्डावर मात्र त्याच्या दिवंगत वडिलांचं नाव. आई हयात, दोन बहिणी लग्न होऊन बाहेरगावी. म्हणतो, १० लाख द्या, नोटरी केलेलं बानाखत आणि पॉवर देतो, किल्ली घ्या. दस्तावेज (खरेदीखत) पुढे करू. चालेल?

बडोदेकर_७
नाही. १०० रुपये किंवा जास्त किमतीच्या घराची विक्री नोंदवलेल्या दस्तावेजानेच होते. बानाखत म्हणजे विकायचं वचन, पॉवर म्हणजे त्याच्या वतीने सही करायची मुभा. सूरज लॅम्प निकालात (२०११) सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय. देणारा वारला की साधी पॉवर संपली. आणि घरवेरा कोण भरतं यावरून मालक ठरत नाही.

कागद_बघा
खरा घोळ वारसांचा आहे. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगा, दोन मुली यांना प्रत्येकी पाव हिस्सा. वडिलांची आई हयात असेल तर पाच वाटे. लग्नाने बहिणींचा हक्क जात नाही, आणि "आमची हरकत नाही" असं स्टॅम्पवर लिहून दिल्यानेही जात नाही. मुलगा एकटा विकेल तो फक्त स्वतःचा पाव. तो घेऊनही तुम्हाला त्या घरात शिरून राहता येणार नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ४४). वाटणीचा दावा लावत बसाल. म्हणून आधी मृत्यूचा दाखला, पेढीनामा (वंशावळ), सिटी सर्व्हे कचेरीत वारसाई, म्हणजे वारसांची नावं लावणं. मग सगळ्यांच्या सह्यांचा दस्तावेज, नाहीतर बाकीच्यांचं नोंदवलेलं हक्क कमी पत्र (हक्कसोडपत्र).

बडोदेकर_७
अशांत धारा (गुजरातचा अशांत क्षेत्र कायदा) विसरू नका. भाग अशांत म्हणून जाहीर झालेला असेल तर दस्तावेजाआधी कलेक्टरची परवानगी लागते, नाहीतर व्यवहारच रद्दबातल. शेजाऱ्याला नको, कलेक्टर ऑफिसात सिटी सर्व्हे नंबर सांगून विचारा. खाली पाघडीचा (पागडीचा) भाडूत असेल तर मालक बदलला म्हणून तो निघत नाही.

प्रश्नकर्ता
वडिलांचा मूळ दस्तावेज "सापडत नाही" म्हणतो.

कागद_बघा
मग तो बँकेत आहे असंच धरून चाला. कागद ठेवून घेतलेलं कर्ज नोंदणी कचेरीच्या इंडेक्समध्ये दिसेलच असं नाही. तिथल्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च काढा, सेरसाईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) शोध घ्या, गुजराती पेपरात जाहीर नोटीस द्या. तोवर टोकनही (बयाणाही) नको.