हार्टफर्डशायरमधली मार्की: साडेचारशे पाहुण्यांच्या लग्नासाठी जागा कशी निवडावी?

प्रश्न (वधूपिता, हॅरो)

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीचे लग्न पुढच्या जुलैमध्ये करण्याचे योजले आहे. आम्ही मूळचे पुण्याचे, बरीच वर्षे हॅरोमध्ये राहतो. मुलाकडची मंडळी लेस्टरची गुजराती असून त्यांचे आजी-आजोबा १९७२ मध्ये युगांडा सोडून येथे आले. आमच्याकडचे दीडशे आणि त्यांच्याकडचे तीनशे, अशी साडेचारशे पाने होतील. एवढी माणसे सामावणारे सभागृह आम्हाला परवडेल अशा भाड्यात उन्हाळ्यातल्या शनिवारी मिळाले नाही. त्यामुळे आता मार्कीचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर ताणलेल्या मोठ्या कापडी मांडवाचा विचार चालू आहे.

लंडनजवळच्या हार्टफर्डशायर परगण्यातल्या दोन जागा समोर आहेत. पहिली एका हॉटेलच्या हिरवळीवर उन्हाळाभर उभी असणारी मार्की. तेथे जमीन, वीज, स्वच्छतागृहे सर्व तयार आहे, पण स्वयंपाक त्यांच्या यादीतल्या केटररकडूनच करून घ्यावा लागतो. दुसरे एका शेतकऱ्याचे मोकळे रान. भाडे निम्म्याहून कमी, केटरर आपल्या पसंतीचा, मात्र मांडवापासून दिव्यापर्यंत सगळे आपण आणायचे. घरात मते विभागली आहेत. पत्नीची मुख्य काळजी विवाहहोमाची आहे, माझी पावसाची, आणि व्याह्यांची जेवणाची, कारण त्यांच्याकडे कांदा-लसूण न खाणारी बरीच माणसे आहेत. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद १ (दोन वर्षांपूर्वी लेक सासरी पाठवलेली आई, मिल्टन कीन्स)

आम्ही मोकळे रानच घेतले होते, त्यामुळे त्याविषयी खात्रीने सांगू शकते. जागेचे भाडे पाहून आम्हाला खूप बचत झाल्यासारखे वाटले होते. नंतर मांडव, त्याखालची लाकडी तक्तपोशी, गालिचा, जनरेटर आणि तो बंद पडल्यास दुसरा, फिरती स्वच्छतागृहे, पाण्याची टाकी, स्वयंपाकासाठी वेगळा तंबू, रात्रीच्या गारठ्यासाठी गरम हवेचे यंत्र आणि वाहनतळावरचे दिवे अशी एकेक रक्कम वाढत गेली, त्या प्रत्येकीवर २० टक्के व्हॅट लागला, आणि शेवटचा आकडा हॉटेलच्या आकड्याच्या जवळ जाऊन बसला. आपण दोन्ही जागांची तुलना करताना केवळ भाडे पाहू नका. सर्व वस्तू धरून व्हॅटसह लेखी दरपत्रक मागवा.

पावसाविषयी आपली काळजी योग्य आहे, पण लग्नाच्या दिवशीच्या पावसापेक्षा आदल्या दोन दिवसांचा पाऊस अधिक त्रास देतो. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी लख्ख ऊन होते आणि तरीही वाहनतळावर गाड्यांची चाके रुतली, कारण शेत चिकणमातीचे होते आणि बुधवार-गुरुवारी पाऊस झाला होता. माझ्या वयोवृद्ध सासूबाईंना चाकाच्या खुर्चीतून मांडवापर्यंत नेताना चार मुलांना खुर्ची उचलावी लागली. नऊवारीचा काठ चिखलात भिजलेल्या बायका दिवसभर संकोचून बसल्या होत्या, ते मला अजून आठवते. म्हणून जागा पाहायला जाल ती पावसानंतरच्या एखाद्या आठवड्याच्या दिवशी जा, आणि गाडी प्रत्यक्ष त्या गवतावर घालून पाहा. वाहनांसाठी धातूचे किंवा प्लास्टिकचे पत्रे अंथरून तात्पुरता रस्ता करता येतो. तो खर्च सुरुवातीलाच धरावा.

प्रतिसाद २ (मांडव उभारणीच्या व्यवसायातील अभियंता, वॉटफर्ड)

साडेचारशे पाहुण्यांसाठी किती मोठी मार्की लागते, याचा अंदाज आधी घेतला पाहिजे, कारण "पाचशे माणसे मावतात" असे सांगणारे बहुधा खुर्च्यांच्या ओळींचा हिशेब देतात, जेवणाच्या टेबलांचा नाही. दहा जणांची गोल टेबले मांडली तर माणशी सुमारे दीड चौरस मीटर जागा लागते, म्हणजे ४५० जणांना पावणेसातशे चौरस मीटर. त्यात लग्नमंडप, स्वागत समारंभाचे व्यासपीठ, नाचाची जागा आणि वाढप्यांच्या वाटा धरल्या की २० मीटर रुंद आणि ४५ मीटर लांब मांडव लागतो. मधे खांब नसलेल्या सांगाड्याचे लांबीचे गाळे साधारणपणे तीन किंवा पाच मीटरचे असतात, त्यामुळे लांबी हवी तेवढी वाढवता येते. जुन्या पद्धतीच्या, मधे खांब असलेल्या तंबूत मात्र मागच्या पाहुण्यांना अंतरपाट दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

विधी आणि जेवण एकाच मांडवात करायचे असेल तर एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मंगलाष्टके संपल्यावर खुर्च्यांच्या ओळी काढून टेबले मांडायला, कापडे घालायला आणि ताटे लावायला तास-दीड तास जातो. तेवढा वेळ साडेचारशे माणसे, त्यातही वृद्ध आणि तान्ही मुले असलेल्या आया, कोठे थांबणार? बाहेर पाऊस असेल तर हा प्रश्न फारच अवघड होतो. म्हणून माझ्या मते स्वागतासाठी जोडून छोटा मांडव घ्यावा, किंवा मोठा मांडव मधल्या पडद्याने दोन भागांत विभागावा. हॉटेलच्या जागेत आडोशाचे दालन असेल, तर त्या एका कारणासाठीही मी ती जागा निवडेन.

सुरक्षिततेबाबत पुरवठादाराला तीन प्रश्न विचारा. कापडाचे ज्वालारोधकतेचे प्रमाणपत्र आहे का? सांगाडा जमिनीत खुंट्या ठोकून रोवणार की वजने ठेवून बांधणार, आणि खुंट्या ठोकणार असतील तर जमिनीखालच्या वाहिन्या, केबली तपासल्या आहेत का? आणि वाऱ्याचा वेग किती झाला की मांडव रिकामा करायचा, व तो निर्णय त्या दिवशी कोण घेणार? चांगला पुरवठादार या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देतो. "आमच्या मार्कीला काही होत नाही" असे म्हणणाऱ्याकडून मी मांडव घेणार नाही. मूटा ही या व्यवसायाची संघटना आहे; पुरवठादार तिचा सभासद असेल तर तपासणीची शिस्त असण्याची शक्यता अधिक. स्वयंपाकाचा तंबू मुख्य मांडवापासून वेगळा हवा आणि गॅसच्या टाक्या तंबूबाहेर, मोकळ्या हवेत हव्यात.

प्रतिसाद ३ (पौरोहित्य करणारी, स्लाव)

वहिनींची होमाची काळजी मी आधी घेते, कारण माझ्या अनुभवात ऐनवेळी अडणारी गोष्ट तीच आहे. मार्कीत होम अशक्य नाही. तांब्याचे लहान कुंड, त्याखाली वाळू भरलेले धातूचे ताट, भोवती मोकळी जागा, वर लोंबणारी फुले किंवा ओढण्या नाहीत, जवळ अग्निशामक आणि तो हाताळणारा एक माणूस, एवढी तयारी असेल तर बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. परंतु तो होकार जागेचा मालक, मांडवाचा पुरवठादार आणि त्यांचा विमा, या तिघांकडून लेखी हवा. मी एका लग्नात असे पाहिले की विक्री विभागाने तोंडी हो म्हटले होते आणि सकाळी साडेनऊला व्यवस्थापकाने कुंड पेटवू दिले नाही. लाजाहोम शेवटी बाहेर हिरवळीवर, वाऱ्यात, छत्र्यांच्या आडोशाला करावा लागला. सप्तपदी झाली, पण मुलीचे आईवडील तो दिवस तसा आठवू इच्छित नाहीत. करारात "उघडी ज्योत नको" असे कलम असतेच. त्यात "विवाहहोमाचा अपवाद" हे शब्द घालून घ्या.

मुहूर्ताबद्दलही थोडे सांगते. भारतातले पंचांग तेथल्या सूर्योदयाप्रमाणे असते, त्यामुळे त्यातली वेळ घड्याळाचा फरक वजा करून येथे वापरता येत नाही. लंडनच्या अक्षांश-रेखांशावरून लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, काढून घ्यावे लागते. गोरज मुहूर्त अनेकांना हवा असतो, पण येथे जुलैच्या सुरुवातीला सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, आणि त्यानंतर विधी, जेवण आणि निरोप हे सगळे अकराच्या आत बसवणे आपल्या ज्येष्ठांसाठी फार कष्टाचे आहे. सकाळचा मुहूर्त घ्यावा. शिवाय जुलैमध्ये आषाढी एकादशी येते आणि चातुर्मास लागतो. येथला कोरडा हंगाम आणि आपला चातुर्मास एकत्र येतात, ही इंग्लंडमधल्या प्रत्येक मराठी घराची अडचण आहे. पंचांगात आपत्कालीन मुहूर्त दिलेले असतात, त्यांतला एखादा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना मान्य आहे का, हे तारीख आरक्षित करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आणखी एक. इंग्लंडमध्ये मार्कीत आपल्या पद्धतीने लागलेले लग्न कायद्याने आपोआप नोंदले जात नाही. नोंदणी वेगळी करावी लागते, त्यासाठी दोघांनी पुरेसे आधी, किमान २८ दिवसांची सूचना नोंदणी कार्यालयात द्यावी लागते. हॉटेलला नागरी विवाहासाठी मान्यता असेल तर १ जुलै २०२१ पासून त्यांच्या आवारात उघड्यावरही नागरी विवाह होऊ शकतो, पण त्या समारंभात धार्मिक विधी चालत नाहीत. माझा आग्रह असतो की नोंदणी आधीच्या आठवड्यात उरकावी, म्हणजे लग्नाच्या दिवशी मुलीचे मन फक्त विधीत राहते.

अक्षता तांदळाच्याच हव्यात असे मी मानते, पण मार्कीच्या गालिच्यावर त्या टाकण्यास काही ठिकाणी मनाई असते किंवा स्वच्छतेचे शुल्क लागते. हेही विचारून ठेवा.

प्रतिसाद ४ (लेस्टरचा मराठी जावई)

माझे सासर गुजराती असल्याने व्याह्यांच्या बाजूने लिहितो. यादीतल्या केटररला कांदा-लसूणविरहित स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत करता येतो का, हे चाखून आणि स्वयंपाकघर पाहून ठरवा. जमत नसेल तर बाहेरचा केटरर आणण्यासाठी हॉटेल किती शुल्क घेते ते विचारा. अनेक ठिकाणी ते ठरावीक रकमेवर मान्य करतात. दोन्हीपैकी कोणाचाही फूड हायजीन (अन्नस्वच्छतेचा) गुणांक पाहावा. तो ० ते ५ असतो आणि सर्वांना पाहता येतो.

वरातीसाठी ढोल असणार हे गृहीत धरतो. मार्कीचे कापड आवाज अडवत नाही, त्यामुळे काही ठिकाणी आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वीज खंडित करणारे यंत्र बसवलेले असते, आणि लाउडस्पीकर चालू असताना ढोल जवळ आला तरी ते वीज तोडते. असे यंत्र आहे का, आणि वरात कोणत्या दारापर्यंत वाजत येऊ शकते, हे जागेवर उभे राहून विचारा. पाहुण्यांना मद्यपेये विकत देणारा बार ठेवणार असाल आणि जागेला परवाना नसेल, तर तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना स्थानिक कौन्सिलला किमान दहा कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते. पण तिची मर्यादा कर्मचारी धरून ४९९ माणसांची आहे. आपले साडेचारशे पाहुणे आणि वाढपी, वादक, छायाचित्रकार मिळून ती सहज ओलांडली जाईल.

हॉटेलची मार्की मुदतीच्या नियोजन परवानगीवर (ठरावीक काळच उभी ठेवण्याच्या कौन्सिलच्या परवानगीवर) उभी आहे का, आणि असल्यास ती मुदत आपल्या तारखेनंतर संपते का, हेही कागद पाहून तपासा. अनामत रकमेचा काही भाग क्रेडिट कार्डाने भरावा. १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या ७५ व्या कलमानुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेल्या सेवेसाठी, विकणाऱ्याने करार मोडला तर कार्ड देणारी कंपनीही जबाबदार राहते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (वधूपिता, हॅरो)

सर्वांचे मनापासून आभार. रानाचे दरपत्रक व्हॅटसह नव्याने मांडले तेव्हा दोन्ही जागांत फरक अगदी थोडा उरला, त्यामुळे आम्ही हॉटेलकडे वळलो आहोत. पाहुण्यांना थांबवण्यासाठी तेथे मार्कीला लागून काचेचे दालन आहे, आणि त्यांनी बाहेरचा केटरर शुल्क घेऊन मान्य केला आहे. नियोजन परवानगीची प्रत त्यांच्याकडे मागितली आहे. होमासंबंधीचे पत्र पत्नीने स्वतः लिहून आज सकाळी पाठवले. त्यात कुंडाचे माप आणि वाळूच्या ताटाचाही उल्लेख आहे. येत्या मंगळवारी, पावसाचा अंदाज असल्यामुळे मुद्दाम, व्याह्यांना घेऊन जागा पाहायला जात आहोत. होमाचे लेखी उत्तर येईपर्यंत अनामत भरणार नाही.