टोल्युइन ओतताना ठिणगी दिसली, शेडमध्ये आधी काय बदलू? (मदत हवी आहे)

शेडवाला_भोसरी:

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, रबर-मेटल बाँडिंगचं. लोखंडी बुशांना (पोकळ नळीसारख्या तुकड्यांना) अ‍ॅडहेसिव्ह लावायचा, वाळवायचा, मग मोल्डिंगला द्यायचे. मी सुपरवायझर, हाताखाली अकरा जण. अ‍ॅडहेसिव्ह पातळ करायला आणि ट्रे-ब्रश धुवायला टोल्युइन लागतं, म्हणजे थिनरसारखं चटकन उडणारं, पेटणारं द्रव. त्याची दोनशे लिटरची दोन बॅरल शेडमध्येच असतात.

परवा संध्याकाळी लाइट गेली. लाकडी घोडीवर आडव्या ठेवलेल्या बॅरलच्या तोटीखाली हेल्पर प्लास्टिकचा कॅन भरत होता, कॅनच्या तोंडात पत्र्याचं नरसाळं. अंधार होता म्हणूनच दिसलं. नरसाळ्याची कड तोटीजवळ गेली आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी निळी ठिणगी उडाली. 'चट्' असा आवाजही आला. पेटलं काही नाही. मी ओरडलो तर पोरगा म्हणतो, "थंडीत होतं सर असं. मुंगी चावल्यासारखं लागतं."

म्हणजे हे रोजचंच आहे, उजेडात दिसत नाही इतकंच.

रात्री सेफ्टी डेटा शीट काढून बसलो. फ्लॅश पॉइंट ४ अंश, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटेही वाफ पेटायला तयार. हवेत १.१ ते ७.१ टक्के वाफ असेल तर पेटते. हिशेब केला: एक लिटर पूर्ण उडालं की साधारण २३० लिटर वाफ, ती २० घनमीटर हवा पेटण्याजोगी करायला पुरते. दहा बाय दहाची, सात फूट उंच खोली! आणि आमची पोरं धुण्यातच दिवसाला दोन-तीन लिटर उडवतात.

शेठना सांगितलं तर "वीस वर्षांत कधी काही झालंय का?" फ्लेमप्रूफ फिटिंगचं (आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू न देणारे स्विच-दिवे) कोटेशन दाखवलं, ते टेबलाच्या काचेखाली गेलं. पैसे एकदम मिळणार नाहीत. आधी काय करू? वर छताजवळ दोन साधे एक्झॉस्ट आहेत, ते चालतील का?

मेंटेनन्स_काका:

तो प्लास्टिकचा कॅन आजच बाजूला काढा, उद्या नको. टोल्युइनमधून वीज सहज वाहत नाही, त्यामुळे ओततानाचा चार्ज साठत जातो. प्लास्टिकवर बसलेल्या नरसाळ्यातल्या चार्जला जमिनीत जायला वाटच नाही, मग तो तोटीवर उडी मारतो. पेटवायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते, हाताला मुंगी चावल्यासारखी लागते त्या ठिणगीत त्याहून जास्त असते. आणि 'बॅरलमध्ये वाफ दाट असते, पेटत नाही' हे पेट्रोलला लागू आहे. टोल्युइनची बंद बॅरलमधली वाफ २०-२५ अंशाला ३-४ टक्के भरते, म्हणजे बरोबर पेटण्याच्या पट्ट्यात. तुमचं नशीब म्हणायचं.

पत्र्याचा कॅन घ्या. बॅरल ते अर्थपट्टी (जमिनीत अर्थ केलेली पट्टी) एक वायर, बॅरल ते कॅन दुसरी, दोन्हीला दात असलेले क्लॅम्प. क्लॅम्पखालचा रंग खरवडा, नाहीतर वायर नुसती शोभेची. दहा ओहमच्या आत यायला हवं. नरसाळ्याची नळी कॅनच्या तळापर्यंत जाऊ दे, वरून धार सोडू नका. फ्लेमप्रूफ फिटिंगपुढे हा खर्च म्हणजे चिल्लर.

एक्झॉस्टचं म्हणाल तर ते उलटं काम करतायत. ही वाफ हवेच्या तिप्पट जड, ती फरशीवरून सरपटते. तुम्ही तिला साध्या मोटरमधून, म्हणजे ठिणगीजवळून, वर ओढताय.

सेफ्टीवाली_ताई:

काकांशी सहमत, पण दादा, तुम्ही वाळवण्याचं काय ते सांगितलंच नाही. ओव्हन कुठे आहे?

शेडवाला_भोसरी:

ताई, बॅरलपासून आठ-नऊ फुटांवर. इलेक्ट्रिक आहे, कॉइलवाला.

सेफ्टीवाली_ताई:

मग ठिणगीइतकंच हे गंभीर आहे. ओल्या बुशांतलं सगळं टोल्युइन त्या बंद पेटीत उडतं. ते ४८० अंशाला आपोआप पेटतं आणि लाल झालेली कॉइल त्याहून गरम असते. ओव्हनमध्ये ताजी हवा सतत खेळती ठेवून वाफ बाहेर काढा आणि एअरफ्लो स्विच बसवा, म्हणजे पंखा बंद पडला तर हीटरही बंद. तोवर बुश तारेच्या रॅकवर अर्धा तास निथळू द्या, तेही उघड्यावर.

आय.एस. ५५७२ या भारतीय मानकाच्या पद्धतीने, पेटणारी वाफ कुठे किती असते त्याप्रमाणे झोन पाडून, शेडचा नकाशा काढा. बॅरल-कॅनच्या आतली जागा झोन ० (वाफ कायम), तोटी आणि धुण्याच्या ट्रेभोवती झोन १ (कामात अधूनमधून), त्यापलीकडे झोन २ (क्वचित). मग कळतं की महागडी फिटिंग सगळ्या शेडला लागत नाहीत. बहुतेक स्विच आणि मोटरी झोनच्या बाहेर हलवल्या तरी भागतं. जी फ्लेमप्रूफ घ्याल तिला ग्लँडही (केबल आत शिरते तिथली घट्ट बसवणी) फ्लेमप्रूफच लावा, साधा ग्लँड लावला की पैसे पाण्यात.

आणि साठा! टोल्युइन पेट्रोलियम कायद्यात क्लास ए मध्ये येतं, म्हणजे फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खालचं. ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही. तुमच्याकडे चारशे आहे, म्हणजे पेसोचा (स्फोटक-पेट्रोलियम सुरक्षेचं केंद्र सरकारी खातं, मुख्यालय नागपूर) परवाना हवा. शेठना काचेखाली हेही ठेवायला सांगा. शेडमध्ये फक्त एका पाळीचा माल, बाकी बाहेर पक्क्या खोलीत.

मेंटेनन्स_काका:

एक राहिलं. रिकामं बॅरल कोणाला गॅसकटरने कापायला देऊ नका, 'पाण्याची टाकी करतो' म्हणणाऱ्यालाही नाही. स्फोटाला तळातला वाटीभर माल पुरतो.

शेडवाला_भोसरी:

काका, ताई, मनापासून धन्यवाद. बॅरल सध्या एकच आत आहे, तेही दाराजवळ. ओव्हन बंद ठेवलाय, रॅकवर वाळवतोय, माल उशिरा जातोय म्हणून शिव्या खातोय. परवान्याचं ऐकल्यावर शेठनी कोटेशन काचेखालून काढलं, नागपूरला अर्ज कोण लिहिणार ते विचारलं. क्लॅम्प लावले. पहिल्यांदा मीटर काहीच दाखवत नव्हता. रंग खरवडल्यावर १.४ ओहम आलं.