मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या सेव्हन सिस्टर्सला आईबाबांना घेऊन कसं जावं?

नमस्कार मंडळी, आईबाबा सध्या साताऱ्याहून आलेत आणि बाबांना समुद्राकाठचे ते पांढरे खडूचे कडे बघायचेच आहेत. सीफर्ड ते ईस्टबोर्न अख्खा २० किमीच्या वरचा ट्रेक शक्यच नाही, सातही टेकड्यांचे चढउतार आईच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. म्हणून विचार असा की ब्रायटनहून १२ नंबरच्या बसने एक्सीटला उतरायचं, फ्रिस्टन फॉरेस्टमधून बीच (beech) जातीच्या झाडांच्या सावलीत हळूहळू ईस्ट डीनला जायचं, तिथे जेवून मग बर्लिंग गॅपला कडे बघायचे. कुणी हा रूट केलाय का? एक्सीटहून वेस्ट डीनकडे जाताना सुरुवातीलाच पायऱ्या आहेत, त्या टाळून जंगलात शिरता येतं का? पावसानंतर ती खडूची वाट साबणासारखी होते म्हणतात, मग साधे स्पोर्ट्स शूज चालतील की ग्रिपवालेच घ्यावेत? आणि बर्लिंग गॅपला बीचवर उतरायचा जिना सध्या चालू आहे का? कडे ढासळतात म्हणून काठापासून लांबच राहणार आहोत, पण बाबांना फोटोचा भारी सोस, त्यांना आवरायची आयडिया असेल तर तीही सांगा 😄